पक्षाच्या पोटातला विरोधी पक्ष

भडगाव तालुका विधानसभेसाठी पाचोरा मतदारसंघात आणि लोकसभेसाठी जळगाव मतदारसंघात येतो. मतदारसंघांची नवी रचना २००९ पासून लागू झाली. त्यानंतर लोकसभेच्या चार निवडणुका झाल्या आणि या चारही वेळा भडगावच्या मतदाराला यंत्रावर काँग्रेसचा पंजा दिसला नाही. पहिल्या तीन वेळा आघाडीच्या वाटपात ही जागा राष्ट्रवादीकडे होती, २०२४ मध्ये ती उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेकडे गेली. विधानसभेचेही तसेच झाले. २००९ आणि २०१९ मध्ये इथे आघाडीचे चिन्ह घड्याळ होते, तर २०२४ मध्ये मशाल. २०१४ मध्ये सगळे पक्ष वेगवेगळे लढले, तेवढाच अपवाद. म्हणजे ज्याने पहिले मत २००९ मध्ये दिले, त्याला आठ निवडणुकांत काँग्रेसला मत देण्याची संधी फार तर एकदाच मिळाली. ज्या जिल्ह्यातल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, जवाहरलाल नेहरूंनी त्याचे अध्यक्षपद भूषवले आणि धनाजी नाना चौधरींसारख्या कार्यकर्त्यांनी ते उभे केले, त्या जिल्ह्याची ही गोष्ट आहे. इतकी खोल मुळे असलेला पक्ष यंत्रावरूनच नाहीसा कसा होतो? लोकांनी त्याला नाकारले, हे उत्तर अपुरे आहे, कारण इथे नाकारण्यासाठीसुद्धा तो लोकांपुढे उभा नव्हता. माझे उत्तर वेगळे आहे. दीर्घकाळ सत्तेत राहिलेल्या या पक्षाने बहुपक्षीय स्पर्धेशी जुळवून घेतले ते दुसऱ्या पक्षांशी वाटणी करायला शिकून. सत्तेवाचून राहायला तो शिकला नाही. हे दोन धडे सारखे नाहीत, आणि दुसरा टाळून पहिला घेतला की पक्ष टिकतो, पण वाटपागणिक लहान होत जातो.

आधी जुनी व्यवस्था काय होती ते पाहिले पाहिजे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६२ च्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या, १९६७ मध्ये २७० पैकी २०३, आणि १९७२ मध्ये २२२. या आकड्यांवरून स्पर्धा नव्हती असे वाटते. प्रत्यक्षात स्पर्धा तीव्र होती, फक्त ती पक्षाच्या आत चालत होती. राजकीय अभ्यासक रजनी कोठारी यांनी १९६४ मध्ये या रचनेला ‘काँग्रेस व्यवस्था’ असे नाव दिले. त्यांच्या मांडणीत विरोधी पक्षांचे मुख्य काम सत्ता घेण्याचे नव्हते. काँग्रेसमधल्या एखाद्या गटावर बाहेरून दबाव आणणे हे त्यांचे काम होते, आणि सत्तेसाठीची खरी झुंज गटागटांत व्हायची. खानदेशातल्या कोणत्याही तालुक्यात हे दिसत होते. विविध कार्यकारी सोसायटीत दोन पॅनल, बाजार समितीत दोन पॅनल, जिल्हा बँकेच्या संचालकपदासाठी दोन गट, आणि दोन्हीकडची माणसे काँग्रेसची. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. चाळीसगावला बेलगंगा, कासोद्याला वसंत, फैजपूरला मधुकर असे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. याला ग्रामीण विकासाचा इतिहास म्हणतात आणि तो आहेच. पण त्याचबरोबर हा हरलेल्यांना सामावून घेण्याचाही इतिहास आहे. आमदारकीचे तिकीट ज्याला मिळाले नाही तो जिल्हा परिषदेचा सभापती व्हायचा, तेही नाही जमले तर कारखान्याचा किंवा बँकेचा संचालक. यशवंतराव चव्हाणांच्या नावाशी जोडलेले ‘बेरजेचे राजकारण’ शेतकरी कामगार पक्षातल्या माणसांना काँग्रेसमध्ये आणण्यापुरते नव्हते. रोजच्या व्यवहारात ते पक्षातल्याच पराभूतांची बेरीज करण्याचे राजकारण होते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. भारतात पहिल्या दिवसापासून अनेक पक्ष आहेत, मग बहुपक्षीय लोकशाहीशी जुळवून घेण्याचा प्रश्न काँग्रेसपुढे कधी आला? खानदेश तर या आक्षेपाचा उत्तम पुरावा आहे. १९५७ च्या लोकसभा निवडणुकीत भारतीय जनसंघाचे साऱ्या देशातून चार खासदार निवडून आले, त्यात एक धुळ्याचे उत्तमराव पाटील होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत त्याच वर्षी पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा मोठा पराभव झाला. एकपक्षीय राजवट असलेल्या देशांत असे घडत नाही, हे मान्य. तरीही कायद्याने अनेक पक्ष असणे आणि सत्ता जाऊ शकते हे पक्षाच्या अंगवळणी पडणे यांत अंतर आहे. १९५७ चा धक्का काँग्रेसने विरोधकांना आत घेऊन पचवला, आणि पाच वर्षांत २१५ जागा मिळवल्या. पक्षाच्या हाडीमाशी रुजलेला धडा असा होता की, विरोधकाला हरवायची गरज नाही, त्याला जागा करून द्यायची असते. सत्ता हातात असताना हा धडा उपयोगी पडतो. सत्ता नसताना देण्यासाठी काही उरत नाही, आणि तेव्हा काय करायचे हे त्या धड्यात नव्हते.

ती वेळ प्रथम १९७८ मध्ये आली, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या घडामोडींचे बीज तिथेच आहे. विधानसभेच्या २८८ जागांपैकी जनता पक्षाला ९९, काँग्रेसच्या दोन तुकड्यांना ६९ आणि ६२ अशा जागा मिळाल्या. दोन्ही काँग्रेसनी मिळून वसंतदादा पाटलांचे सरकार केले. जुलैमध्ये शरद पवार बाहेर पडले आणि पुरोगामी लोकशाही दलाचे मुख्यमंत्री झाले. जनसंघाचे जुने नेते उत्तमराव पाटील या सरकारात मंत्री होते. समोरच्या बाजूला, जुलै १९७९ पासून विधानसभेतल्या विरोधी पक्षनेत्या होत्या एदलाबादच्या आमदार प्रतिभा पाटील. एदलाबाद म्हणजे आजचे मुक्ताईनगर. म्हणजे महाराष्ट्रात काँग्रेसला विरोधी बाकावर बसायची पहिली वेळ आली तेव्हा तिचे नेतृत्व खानदेशाकडे होते, आणि समोरच्या मंत्रिमंडळातही खानदेशातून संसदेत गेलेला जनसंघाचा माणूस होता. पक्षाला नवी सवय लावण्यासाठी याहून चांगली संधी नव्हती. पण फेब्रुवारी १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या केंद्र सरकारने पवारांचे सरकार बरखास्त केले, आणि निवडणुकीत इंदिरा काँग्रेसला १८६ जागा मिळाल्या. विरोधात बसण्याचा काळ असा अर्ध्यावर संपला. त्यातून पक्ष शिकू नये ते शिकला की, सत्ता गेली तर थोडे थांबावे, दिल्ली मार्ग काढते. १९८६ मध्ये पवार आपल्या समाजवादी काँग्रेससह परत आले तेव्हा हा समज पक्का झाला. मात्र त्या परतण्याची एक बाजू दुर्लक्षित राहते. १९८५ च्या विधानसभेत पवारांच्या पक्षाचे ५४ आमदार होते आणि भाजपचे १६. विरोधकांमधला सर्वांत मोठा पक्ष काँग्रेसमध्ये विलीन झाला, पण त्याला मत देणारा नाराज मतदार काही विलीन झाला नाही. १९९० मध्ये शिवसेनेचे ५२ आणि भाजपचे ४२ आमदार निवडून आले. नाराजीचे घर काँग्रेसने स्वतः रिकामे केले आणि दुसऱ्यांनी त्यात संसार मांडला.

याच दशकात दुसरी एक गोष्ट घडली. राजकारणाच्या पुस्तकांत ती एखाद्या ओळीत उरकली जाते, आणि मला मात्र ती निर्णायक वाटते. महाराष्ट्रात जिल्हा परिषदांच्या निवडणुका १९७९ मध्ये झाल्या आणि त्यानंतर थेट १९९२ मध्ये. तेरा वर्षे! १९७९ मध्ये पंचविशीत असलेला, सोसायटीचे चेअरमनपद सांभाळणारा, पंचायत समितीकडे डोळे लावून बसलेला कार्यकर्ता १९९२ मध्ये चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. पराभूतांना आणि नवागतांना सामावून घेणारी जी जागा होती तीच गोठली होती. कारखाने आणि बँका यांवर जुनी घराणी बसलेली, आणि विधानसभेला तालुक्यात तिकीट एकच. जपानशी तुलना केली तर हे अधिक नीट कळते. तिथला लिबरल डेमोक्रॅटिक पक्षही १९५५ पासून दीर्घकाळ सत्तेत होता आणि गटांनी भरलेला होता. पण १९९४ च्या सुधारणेपर्यंत तिथे एका मतदारसंघातून अनेक प्रतिनिधी निवडून जायचे, त्यामुळे एकाच पक्षाचे दोन-तीन उमेदवार एकमेकांविरुद्ध उभे राहून सगळेही निवडून येऊ शकत. गटबाजी पक्षातच राहून भागत होती. आपल्याकडे एका जागेला एकच आमदार. त्यामुळे तिकीट हुकलेल्यापुढे दोनच मार्ग उरतात. मन मारून सतरंज्या उचलायच्या, नाहीतर बंडखोरी करून अपक्ष उभे राहायचे. पूर्वी तिसरा मार्ग होता, जिल्हा परिषदेतून जाणारा, आणि तो तेरा वर्षे बंद होता. १९९५ मध्ये काँग्रेस ८० जागांवर आली. शिवसेना ७३ आणि भाजप ६५ एवढ्यावर त्यांचेही बहुमत होत नव्हते. निवडून आलेले ४५ अपक्ष, ज्यांत काँग्रेसच्या बंडखोरांचा भरणा होता, त्यांच्या आधारावर मनोहर जोशींचे सरकार उभे राहिले. शिवसेना-भाजप युतीचे पहिले सरकार असे बऱ्याच अंशी काँग्रेसच्या घरातल्या माणसांनी तारले. पक्षाच्या पोटातला विरोधी पक्ष त्या वर्षी पोटातून बाहेर आला, आणि त्याला परत आत घेता आले नाही.

नंदुरबारचे विजयकुमार गावीत हे या वाटेने गेलेल्यांचे ठळक उदाहरण. १९९५ मध्ये ते अपक्ष निवडून आले, पुढे राष्ट्रवादीत गेले आणि आघाडी सरकारात मंत्री झाले. त्याच जिल्ह्यात माणिकराव गावीत १९८१ च्या पोटनिवडणुकीपासून २००९ पर्यंत नऊ वेळा काँग्रेसचे खासदार झाले होते. देशभर लाटा आल्या आणि गेल्या, नंदुरबार हलले नाही. २०१४ मध्ये हलले, आणि त्यांना हरवले ते भाजपच्या उमेदवार हीना गावीत यांनी, म्हणजे विजयकुमार यांच्या कन्येने. विजयकुमार स्वतः त्या निवडणुकीपर्यंत काँग्रेसच्या मित्रपक्षाचे बडे नेते होते. पराभव विरोधकाच्या चिन्हावर झाला, पण त्याची ताकद आघाडीच्या अंगणातच वाढली होती.

१९९९ ते २०१४ ही पंधरा वर्षे काँग्रेसच्या जुळवून घेण्याच्या कौशल्याचा पुरावा म्हणून दाखवली जातात, आणि ते खोटे नाही. जून १९९९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली, ऑक्टोबरच्या निकालात काँग्रेस ७५ आणि राष्ट्रवादी ५८ वर थांबल्या. निवडणुकीत एकमेकांवर तुटून पडलेल्या या दोघांनी मिळून सरकार केले आणि ते तीन निवडणुका टिकवले. एकट्याने राज्य करायची सवय असलेल्या पक्षाने खातेवाटप, समान कार्यक्रम, समन्वय समिती हे सगळे आत्मसात केले. या यशाची किंमत मात्र भडगावसारख्या तालुक्याने मोजली. जागावाटपाचा नियम साधा असतो, जिथे ज्याचा आमदार तिथे त्याची जागा. तिकीटच मिळणार नाही हे ठाऊक असलेल्या तालुक्यात तरुण माणूस कशाच्या आशेने त्या पक्षाची शाखा चालवील? कजगाव किंवा कोळगावसारख्या गावातल्या काँग्रेसच्या घराला निवडणुकीत सांगितले जाते की यंदा घड्याळ, पुढच्या वेळी सांगितले जाते मशाल. दोन-तीन निवडणुकांत मत देणाऱ्याचा हात नव्या चिन्हाला सरावतो आणि पक्षाचा कार्यकर्ता दुसऱ्याच्या उमेदवाराचा प्रचारक होतो. आघाडी करणे चूक होते असे मी म्हणत नाही. एकटे लढून २०१४ मध्ये काँग्रेसला ४२ आणि राष्ट्रवादीला ४१ जागा मिळाल्या, त्यामुळे आघाडीशिवाय पर्याय नव्हता हे दिसतेच. चूक ही की जिथे जागा सोडली तिथे संघटना जिवंत ठेवण्यासाठी दुसरे काही केले गेले नाही. आमदारकी नसेल तर पाण्याच्या आवर्तनासाठी, पीकविम्यासाठी, केळी आणि कापसाच्या भावासाठी पक्षाचे निशाण घेऊन कोणी तरी सतत उभे असायला हवे होते. जामद्याच्या कालव्याला पाणी कधी सुटणार हा प्रश्न गिरणाकाठच्या शेतकऱ्याला निवडणुकीच्या वर्षातच पडत नाही.

यावर सर्वांत सोपा प्रतिवाद असा की हे सारे सत्तेच्या लोभाचे आणि तपास यंत्रणांच्या भीतीचे फळ आहे, त्यात पक्षरचनेचा दोष शोधू नये. लोभ आणि भीती दोन्ही आहेत. पण ती सर्व पक्षांतल्या माणसांना असतात, मग एकाच पक्षाची पडझड इतकी का होते? धुळ्याकडे पाहा. चुडामण पाटील साठच्या दशकात काँग्रेसचे खासदार, त्यांचे पुत्र रोहिदास पाटील काँग्रेसचे मंत्री, नातू कुणाल पाटील धुळे ग्रामीणचे दोन वेळचे आमदार आणि काँग्रेसचे प्रदेश पदाधिकारी. २०२४ मध्ये हरल्यावर २०२५ मध्ये ते भाजपमध्ये गेले. शिरपूरचे अमरीशभाई पटेल २०१९ मध्येच गेले होते. त्यांच्यासारख्या नेत्यांभोवती शिक्षणसंस्था, कारखाने, बँका यांचे जाळे असते. हजारो माणसांचा रोजगार आणि शेतमाल त्यात अडकलेला असतो, आणि परवानग्या, कर्जहमी, अनुदान यांसाठी मुंबईशी सरळ संबंध लागतो. काँग्रेसने सत्तेच्या काळात आपला पाया संस्थांवर रचला. संस्था शासनावर अवलंबून असल्या की त्या शासनाच्या बाजूला सरकतात आणि माणूस त्यांच्यामागे जातो. वर उल्लेखलेल्या तिन्ही साखर कारखान्यांची नंतरची अवस्था पाहिली तर बेलगंगा आणि वसंत बंद पडले, मधुकर कर्जात बुडाला. ज्या संस्थांनी पक्ष बांधला त्याच त्याला जखडून गेल्या.

दुसरा प्रतिवाद अधिक गंभीर आहे. जळगावात भाजप काँग्रेसच्या फुटीरांवर वाढला नाही, तो आपल्या विचारावर आणि माणसांवर वाढला, असे भाजपचे जुने कार्यकर्ते सांगतात, आणि ते बरेचसे खरे आहे. गुणवंतराव सरोदे १९९१ आणि १९९६ मध्ये जळगावचे खासदार झाले. एकनाथ खडसे १९९० मध्ये एदलाबादमधून, म्हणजे प्रतिभा पाटलांच्या जुन्या मतदारसंघातून निवडून आले. गिरीश महाजन विद्यार्थी चळवळीतून येऊन १९९५ मध्ये जामनेर जिंकते झाले. मंडलनंतरचे ओबीसी राजकारण, लेवा पाटील समाजाचे वळण, हिंदुत्वाची लाट, हे सगळे त्यात होते. पण खडसेंच्या कारकिर्दीचा काळ पाहा. १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षे ते विरोधी बाकावर होते, शेवटची पाच वर्षे विरोधी पक्षनेते. या काळात पक्षाला देण्यासारखे काही नव्हते, तरी जिल्ह्यातली संघटना वाढली. सत्तेवाचून दीड दशक राहण्याची ही क्षमता काँग्रेसकडे नव्हती, आणि २०१४ नंतर ती वेळ आली तेव्हा दहा वर्षांत पक्ष विरत गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून विधानसभेच्या २० जागांपैकी काँग्रेसकडे फक्त नवापूर आले, तेही अगदी थोड्या मतांनी. आणि हे कधी, तर त्याच वर्षी जूनमध्ये लोकसभेला नंदुरबारमधून गोवाल पाडवी आणि धुळ्यातून शोभा बच्छाव काँग्रेसच्या चिन्हावर निवडून आल्यानंतर. मतदार परत यायला तयार होता. त्याला धरून ठेवणारी माणसे गावागावांत उरली नव्हती.

इतर देशांतल्या जुन्या सत्ताधारी पक्षांचा अनुभव इथे उपयोगी आहे. मेक्सिकोचा पीआरआय ७१ वर्षांनी २००० मध्ये राष्ट्राध्यक्षपद हरला, तैवानचा कुओमिंतांगही त्याच वर्षी हरला. पहिला २०१२ मध्ये आणि दुसरा २००८ मध्ये परत आला. दोघांनीही मधल्या काळात प्रांतांतली आणि शहरांतली सत्ता सोडली नव्हती, म्हणजे वरची सत्ता गेल्यावर तळातल्या निवडणुकांनी त्यांना जगवले. जपानचा लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष २००९ मध्ये हरला आणि २०१२ मध्ये परत आला, तोही स्थानिक सभागृहांतल्या माणसांच्या बळावर. या तिन्ही ठिकाणी तळातल्या निवडणुका वेळेवर होत होत्या, ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

आज खानदेशात दीर्घकाळ सत्तेत असलेला पक्ष भाजप आहे, आणि ज्या प्रश्नाने काँग्रेसला गाठले तो त्याच्या दारात उभा आहे. जळगाव महापालिकेत २०१८ मध्ये भाजपने ७५ पैकी ५७ जागा जिंकल्या, आणि मार्च २०२१ मध्ये त्याच सभागृहात फुटलेल्या नगरसेवकांच्या मतांवर शिवसेनेच्या जयश्री महाजन महापौर झाल्या. २०२० मध्ये खडसे राष्ट्रवादीत गेले, त्यांच्या सून रक्षा खडसे भाजपच्या खासदार राहिल्या आणि २०२४ मध्ये केंद्रात राज्यमंत्री झाल्या. जळगाव लोकसभेला २०१९ मध्ये स्मिता वाघ यांचे जाहीर झालेले तिकीट बदलून उन्मेश पाटील यांना देण्यात आले. २०२४ मध्ये ते परत वाघ यांच्याकडे गेले आणि उन्मेश पाटील ठाकरे गटात. पाचोरा-भडगावात तर २०२४ मध्ये दोन्ही शिवसेनांचे उमेदवार एकाच कुटुंबातले होते. दिवंगत आमदार आर. ओ. पाटील यांचे पुतणे किशोर पाटील शिंदे गटाकडून निवडून आले, आणि कन्या वैशाली सूर्यवंशी ठाकरे गटाकडून लढल्या. एक जागा आणि अनेक दावेदार हे गणित काँग्रेसच्या काळातलेच आहे. फरक एवढाच की त्या वेळी तेरा वर्षांनी का होईना, १९९२ मध्ये जिल्हा परिषदेचे दार उघडले. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपली, आणि ओबीसी आरक्षण व गटरचनेच्या वादात निवडणुका लांबत गेल्याने राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांप्रमाणे तिथेही काही वर्षे प्रशासकाने कारभार पाहिला. त्या काळात पंचविशीत असलेले कार्यकर्ते भाजपमध्ये आहेत, दोन्ही सेनांत आहेत, दोन्ही राष्ट्रवादींत आहेत आणि उरल्यासुरल्या काँग्रेसमध्येही आहेत. त्यांना सभापतीची खुर्ची वेळेवर मिळते की नाही, यावर २०२९ च्या विधानसभेत खानदेशातून किती अपक्ष उभे राहतील हे ठरेल.